भाचा फुकट, पुण्याच्या बाई अडीच हजार

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. यजमान ६६ वर्षांचे, आठ वर्षांपासून शुगरच्या गोळ्या चालू आहेत. मेडिक्लेम आजवर घेतलाच नाही. माझा भाचा विमा एजंट आहे. तो म्हणतो, "आत्या, माझ्या सल्ल्याला तुझा एक रुपया लागणार नाही. फक्त फॉर्मवर काकांची शुगर लिहू नकोस, हप्ता वाढतो." मुलीने पुण्याच्या एका सल्लागार बाईंचं नाव सुचवलंय. त्या पॉलिसी विकत नाहीत, कागद पाहून लेखी सल्ला देतात आणि २,५०० रुपये घेतात. फुकट मिळतंय त्याला पैसे मोजणं जिवावर येतं. काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी शुगरचं बघू. ती लिहायचीच. तुम्ही ते जाता जाता सांगितलंत, पण मी बावीस वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात काढली, त्यामुळे माझी नजर तिथेच अडकली. क्लेम आला की आम्ही आधी डिस्चार्ज कार्ड उघडायचो. 'आठ वर्षांपासून मधुमेह' असं डॉक्टरांनी त्यावर लिहिलेलं असतंच, कारण डॉक्टरांपासून कोणी लपवत नाही. मग मूळ फॉर्म काढायचा. तिथे 'नाही'वर टिक असली की फाइल मिटली. शुगर सांगून पॉलिसी घेतलीत तर त्या आजाराच्या क्लेमसाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागेल. २०२४ च्या आधी हीच मुदत ४ वर्षं होती. लपवलीत तर पहिली ५ वर्षं त्या कारणावरून क्लेम नाकारता येतो, आणि फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही.

आता फुकटाचं. भाच्याला पैसे मिळतात ते कंपनीकडून, कमिशन म्हणून, आणि कंपनी ते तुमच्याच हप्त्यातून देते. त्यात गैर काही नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण "आत्या, दुसऱ्या कंपनीची पॉलिसी तुला बरी" असं म्हणण्याचे त्याला काहीच मिळत नाहीत. एजंटाच्या पिशवीत आरोग्य विम्याच्या एखाद-दुसऱ्याच कंपनीचा माल असतो, आणि तुमच्यासाठी निवड त्याच पिशवीतून होणार. (कमिशनमधले थोडे तुला परत देतो म्हणाला, तर तेही घेऊ नका. १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४१ त्याला मनाई करतं.)

माझीच गोष्ट सांगतो, लाज वाटते तरी. सासऱ्यांची ५ लाखांची पॉलिसी मी मित्राकडून घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पॉलिसी वाचणाऱ्या मी ती वाचली नाही. तिच्यात खोलीभाड्याला रोज १ टक्क्याची, म्हणजे ५,००० रुपयांची मर्यादा होती. हर्नियाच्या ऑपरेशनला आम्ही ८,००० ची खोली घेतली, चार दिवस. माझा हिशोब होता की रोजचे ३,००० प्रमाणे १२,००० खिशातून जातील. पण खोली महाग घेतली की सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. तो खर्च होता १,२०,०००. मंजूर झाले ७५,०००. खोलीचे १२,००० आणि हे ४५,००० मिळून ५७,००० गेले. मित्राने फसवलं नव्हतं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, एवढंच.

म्हणून अडीच हजार द्या. पण लेखी काय मिळणार ते आधी ठरवून घ्या : खोलीभाड्याची मर्यादा, बिलातला आपला हिस्सा म्हणजे को-पे, मोतीबिंदू आणि गुडघ्यासाठी किती थांबायचं, आणि कराडातली तुमची नेहमीची हॉस्पिटलं कॅशलेसच्या, म्हणजे जिथे बिल कंपनी परस्पर भरते त्या, यादीत आहेत का. बाई जर म्हणाल्या, "पॉलिसी माझ्या ओळखीच्या माणसाकडून घ्या, फी माफ करते," तर नमस्कार करून फोन ठेवा. मग त्याही भाच्यासारख्याच, फक्त नात्याच्या नाहीत.

सल्ला हातात आला की तो भाच्यापुढे ठेवा. त्यातली पॉलिसी त्याच्या पिशवीत असेल, तर खुशाल त्याच्याकडूनच घ्या. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात उत्तर द्यावं असा नियम आहे, पण रात्री अकराला हॉस्पिटलच्या काउंटरवर उभं राहून ते उत्तर मिळवायला माणूस लागतो. तिथे पुण्याच्या बाई येणार नाहीत, भाचा येईल. त्याने दिलेल्या कोटेशनवर १८ टक्के जीएसटी धरलेला असेल, तर मात्र ते बदलून मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर तो नाही.

पॉलिसी आली की सोबतचं ग्राहक माहितीपत्रक मराठीत मागा आणि दुपारी निवांत वाचा. पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. आणि यजमानांचे शुगरचे जुने रिपोर्ट आजच एका फाइलला लावा. बाईंनाही लागतील, भाच्यालाही.