फिश टँकमधली रोटाला, हायग्रोफिला ही पाणरोपं सतत उपटून वर तरंगतात, काय करू? आणि वाढली की कापायची कुठून?

दुकानातली जुडी तशीच खोचली असेल तर तरंगणारच. आधी जुडीला गुंडाळलेलं शिसं नि स्पंज काढून टाका, आतली देठं बऱ्याचदा काळी पडून कुजत आलेली असतात, तेवढा भाग कापून खालच्या दोन-तीन पेरांची पानं खुडायची आणि एकेक काडी लांब चिमट्याने तिरकी खोचायची, सरळ खोचली तर चिमट्यासोबतच वर येते. वाळू २ इंच तरी हवी. गोल्डफिश असतील तर अवघड आहे बुवा, ते उकरतातच.

कापताना पेराच्या जरा वर कात्री लावा, खालच्या खुंटाला बहुतेक दोन फुटवे येतात, वरचा शेंडा परत लावता येतो. खुंट अगदीच उघडाबोडका झाला असेल तर फेकून शेंडेच लावा. हॉर्नवर्ट नावाच्या पाणरोपाला मुळंच नसतात, ते तरंगू दे.