गेटर खुशाल तयार करून घ्या, सेटर मात्र विचार करून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जावाच्या प्रोजेक्टात चाळीसेक क्लास आहेत, सगळी फील्ड प्रायव्हेट आहेत (क्लासबाहेरून त्यांना थेट हात लावता येत नाही) आणि सरांनी सांगितलंय की प्रत्येक फील्डला गेटर-सेटर (त्यातली किंमत वाचायची आणि बदलायची मेथड) हवाच. मग ते हाताने लिहायचे, आयडीईकडून (कोड लिहायच्या प्रोग्रॅमकडून) करून घ्यायचे, की लॉम्बॉक (अशा मेथड आपोआप पुरवणारी लायब्ररी) वापरायचं?

हाताने लिहू नका. इंटेलिजेमध्ये ऑल्ट-इन्सर्ट दाबा, एक्लिप्समध्ये सोर्स मेनूत जा, काम झालं. हाताने लिहिताना माणूस वरची मेथड कॉपी करतो, नाव बदलतो आणि आतलं फील्ड बदलायला विसरतो. पिनकोडच्या सेटरमध्ये शहर भरलं जातंय, अशा चुका मी रिव्ह्यूत पुष्कळ पकडल्या आहेत.

पण ‘प्रत्येकाला हवाच’ हे मला अजिबात पटत नाही. का, ते सांगतो.

आम्ही एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर करत होतो. खात्याच्या क्लासवर मीच लॉम्बॉकचं ‘डेटा’ अ‍ॅनोटेशन लावलं होतं (क्लासवर लिहायची खूण, जी बघून लॉम्बॉक मेथड पुरवतं), त्यामुळे शिल्लक या फील्डलाही आपसूक सेटर मिळाला. पुढे एका सहकाऱ्याला अहवालात शिल्लक पूर्ण रुपयांत दाखवायची होती. त्याने आकडा राउंड केला आणि सेटरने त्याच ऑब्जेक्टमध्ये परत ठेवला. हे सगळं ट्रान्झॅक्शनच्या आत चाललं होतं, म्हणजे डेटाबेसमधले बदल एकत्र पक्के (कमिट) होतात त्या टप्प्यात. हायबरनेट (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) आपण वाचलेल्या एंटिटीवर, म्हणजे डेटाबेसमध्ये साठवल्या जाणाऱ्या ऑब्जेक्टवर, लक्ष ठेवून असतं; ट्रान्झॅक्शन कमिट होताना त्याला फील्ड बदललेलं दिसलं आणि त्याने अपडेट करून टाकलं. सेव्ह कुणीच म्हटलं नव्हतं! संध्याकाळी तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा) जुळेना. किर्दीत एकही जादा नोंद नाही आणि खात्यांमधले पैसे मात्र गायब. शेवटी प्रत्येक खात्याची शिल्लक जमा-नावेच्या नोंदींवरून पुन्हा काढावी लागली.

त्या सहकाऱ्याला मी दोष देत नाही. सेटर समोर दिसला, त्याने वापरला. शिल्लक बदलण्याचे खरे मार्ग दोनच होते, भरणा आणि उचल, आणि दोन्हींत नोंद आपोआप पडत होती. तिसरा दरवाजा मी उघडा ठेवला होता. फील्ड प्रायव्हेट करायचं आणि वर पब्लिक सेटर द्यायचा, तर प्रायव्हेट केल्याचा उपयोग काय राहिला?

ही सवय आली कुठून तेही पाहा. १९९६-९७ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावाबीन्सचं स्पेसिफिकेशन काढलं. बटण, लेबल असे घटक माउसने ओढून स्क्रीनवर मांडता यावेत आणि त्यांचे गुणधर्म टूलला ओळखता यावेत, म्हणून गेट-सेट ही नावांची पद्धत ठरली. म्हणजे गरज टूलची होती. पुढे हायबरनेटसारख्या फ्रेमवर्कांनीही तीच पद्धत उचलली आणि वर्गात तो नियमच होऊन बसला. आज ‘फ्रेमवर्कला लागतात’ हेही पुरतं खरं नाही. आयडीचं अ‍ॅनोटेशन फील्डवर असेल तर हायबरनेट थेट फील्डच वाचतं-लिहितं. पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर मात्र त्याला लागतो, आणि तो प्रोटेक्टेड असला तरी चालतो.

लॉम्बॉक मी आजही वापरतो, पण ‘डेटा’ एंटिटीवर कधीच नाही. त्यात गेटर, सेटर, टूस्ट्रिंग (ऑब्जेक्टचा मजकूर करणारी मेथड), इक्वल्स-हॅशकोड (दोन ऑब्जेक्टची तुलना करायला लागणाऱ्या मेथड) आणि कन्स्ट्रक्टर असं सगळं एकदम येतं. खात्यात व्यवहारांची यादी आणि व्यवहारात परत खातं असेल, तर टूस्ट्रिंग एकमेकांना बोलावत राहतात आणि स्टॅक ओव्हरफ्लो होतो. नुसतं ‘गेटर’ अ‍ॅनोटेशन क्लासवर लावा, पुरे. लॉम्बॉक वेगळी फाइल बनवत नाही, कंपाइल होताना कंपायलरच्या आतल्या रचनेतच मेथड घुसवतं. म्हणून जेडीके (जावाचा कंपायलरसह संच) बदललं की तेही अपडेट करावं लागतं. २०२१ मध्ये जेडीके १६ आलं तेव्हा लॉम्बॉकच्या जुन्या आवृत्त्या बंद पडल्या होत्या, आणि जेडीके २३ पासून अ‍ॅनोटेशन प्रोसेसिंग स्वतः सांगून चालू करावं लागतं.

बूलियन (हो-नाही असं) फील्डचं नाव ‘इझअ‍ॅक्टिव्ह’ ठेवू नका, ‘अ‍ॅक्टिव्ह’ ठेवा. गेटरचं नाव तसंही ‘इझ’नेच सुरू होतं, लॉम्बॉक दुसरा ‘इझ’ लावत नाही आणि जॅक्सन या लायब्ररीने काढलेल्या जेसनमध्ये (माहिती पाठवायच्या मजकुरात) नुसतं ‘अ‍ॅक्टिव्ह’ उतरतं. समोरच्या स्क्रीनला ‘इझअ‍ॅक्टिव्ह’ हवं असेल तर बसा शोधत.

यादीच्या गेटरकडेही नीट बघा. सेटर नसला तरी गेटरने मूळ यादीच हातात दिली, तर बाहेरचा कुणीही तिच्यात भर घालू शकतो. न बदलणारी यादी परत करा.

नुसती माहिती इकडून तिकडे नेणाऱ्या क्लासांसाठी रेकॉर्ड (जावातला आटोपशीर प्रकारचा क्लास) वापरा. जावा १६ पासून ते पक्के झाले आहेत. त्यांना सेटर नसतात आणि वाचायच्या मेथडचं नाव फील्डचंच असतं, पुढे ‘गेट’ नाही. एंटिटीसाठी मात्र रेकॉर्ड चालत नाही.

सेटर आधीच करून ठेवले असतील, तर एक क्लास घ्या, त्यातले सगळे सेटर काढा आणि कंपाइल करा. जिथे एरर येईल तिथे जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी ऑब्जेक्ट नुकताच तयार करून लगेच भरलेला दिसेल. ते कन्स्ट्रक्टरमध्ये हलवा. उरलेल्या जागी नेमकं काय घडतंय ते विचारा आणि त्या कृतीच्या नावाची मेथड लिहा: भरणा करा, पत्ता बदला, खातं बंद करा.