मामाला का नाही शिकवलं?

प्रिय ईरा,

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या हातात सायलीताईच्या बाळाचं भरतकाम चाललेलं टोपडं बघून तू विचारलंस, "हे मामाला का नाही शिकवलं गं? बायकांना घरात बसवून ठेवायलाच काढलेली कामं ना ही?" मी "तसं काही नाही" म्हणून विषय बदलला. लागलं थोडं, कारण तसं होतंच. मराठी वाचायचा कंटाळा आला तर बाबाला फोनवर वाचून दाखवायला सांग.

सांगलीला आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुली शिवणाला आणि मुलं बागकामाला. का, ते कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही. मांजरपाटाच्या तुकड्यावर धावदोरा, उलटी टीप, साखळी, काश्मिरी टाका असं करत करत शेवटी गाठीचा टाका यायचा. सुई वर काढायची, तिच्यावर दोऱ्याचे दोन वेढे घ्यायचे, दोरा डाव्या हाताने ताणून धरायचा आणि वर आलो त्याच्या अगदी शेजारी खाली जायचं. त्याच भोकातून गेलं की गाठ सुळकन मागे पळते.

बुलियन टाका मात्र घरी अक्काने शिकवला, मे महिन्याच्या सुट्टीत, माजघरात. पाकळीच्या लांबीचा उलटा टाका घ्यायचा, पण सुई पूर्ण ओढायची नाही. टोकावर सात-आठ वेढे, एकाला एक लागून, एकावर एक नाही. मग ते अंगठ्याखाली दाबून सुई अलगद बाहेर काढायची. खरी परीक्षा इथेच, कारण नेढ्यापाशी सुई जाड असते आणि करकचून घेतलेले वेढे तिथे अडतात. "गळा नको आवळूस त्याचा," अक्का म्हणायची. जमला की कापडावर गव्हल्यासारखा दाणा बसतो. वेढे थोडे जास्त घेतले तर तो आपोआप वाकतो, आणि तीच गुलाबाची पाकळी. मध्ये गडद गुलाबी, बाहेर फिकट. इथे टोप्या बनवणाऱ्यांची म्हणून एक लांब सुई मिळते, तिचं नेढं अंगाएवढंच बारीक. अक्काकडे ती असती तर माझी निम्मी बोलणी वाचली असती.

तिचं माहेर धारवाडचं. तिकडच्या कसुती भरतकामात गाठ मारतच नाहीत. तिच्या इरकलीचा पदर उलटा केला तरी नक्षी तशीच दिसायची. त्यामुळे आमच्या गाठींकडे ती जरा संशयानेच बघे. टोपडं झालं की उलटं करून गालावर घासायची. बोचलं की म्हणायची, "अस्तर लाव. बाळाला बोलता येत नाही." बाळंतविड्यातलं बाकी काही मला धड आठवत नाही, हे आठवतं.

आणि मामा? अक्काला सुईत दोरा ओवून द्यायचं काम त्याचंच, डोळे तीक्ष्ण म्हणून. ओवून झालं की "जा खेळायला", आणि तो कृष्णेवर पोहायला. मलाही जायचं असायचं. आता तुझा प्रश्न त्याला सांगितला तर म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही." हसत म्हणाला, पण म्हणाला.

म्हणजे तुझं बरोबर आहे. फक्त एक गोष्ट त्यात बसत नाही. त्या भरल्या घरात मी पुस्तक घेऊन बसले की दोन मिनिटांत हाक यायची: पाणी आण, चहा टाक, दार बघ. भरतकामाची रिंग हातात असली की कुणी उठवत नसे. भरत करणं म्हणजे काम. वाचणं म्हणजे रिकामं बसणं. ते चूकच होतं, पण तेवढ्या दुपारी माझ्या होत्या. यात कौतुक किती आणि तक्रार किती, मलाच ठरवता येत नाही.

तू शीक असं मी म्हणत नाहीये. खरंच नाही. हवं असेल तर सुट्टीत दाखवीन, रोहनलाही दाखवीन, नको म्हणाला तर सोडून देईन. सध्या फक्त एवढं कळव, दुपट्यावर काय काढू? सायलीला हत्ती हवाय, आणि मला येतात गुलाब.

तुझी,
आई