वाचकांचे प्रश्न : अ‍ॅड-ऑन्सची यादी रिकामी का येते?

प्रश्न : आमचा एक क्लस्टर (एकत्र चालणाऱ्या संगणकांचा समूह) ईकेएसवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या कुबरनेटिस सेवेवर चालतो (कुबरनेटिस म्हणजे कंटेनरमध्ये बांधलेले सॉफ्टवेअर अशा समूहावर चालवणारी प्रणाली). त्यावर कोणते अ‍ॅड-ऑन्स, म्हणजे क्लस्टरला लागणारे पूरक घटक, बसवलेले आहेत याची नियमित नोंद राहावी म्हणून ‘लिस्टअ‍ॅडऑन्स’ ही एपीआय विनंती पाठवणारी एक स्क्रिप्ट मी लिहिली आहे. उत्तरादाखल रिकामी यादी येते. क्यूबसीटीएल या कुबरनेटिसच्या कमांडने पाहिले असता मात्र ‘क्यूब-सिस्टम’ या नेमस्पेसमध्ये, म्हणजे क्लस्टरमधील विभागात, कोअरडीएनएस, क्यूब-प्रॉक्सी आणि व्हीपीसी सीएनआय हे नेटवर्कचे तिन्ही घटक सुरळीत चालू दिसतात. परवानगी नाकारल्याचा संदेशही येत नाही. स्क्रिप्टमध्ये काही चुकत आहे का?

उत्तर : परवानगीची अडचण असती तर रिकाम्या यादीऐवजी त्रुटी आली असती, आणि क्लस्टरचे नाव किंवा रीजन चुकले असते तर बहुधा क्लस्टर सापडत नाही असे उत्तर मिळाले असते. त्यामुळे स्क्रिप्टवर शंका घेण्याचे कारण दिसत नाही. आपण यादीला जो प्रश्न विचारत आहात असे आपल्याला वाटते, तो प्रश्न ती यादी मुळात ऐकतच नाही.

‘लिस्टअ‍ॅडऑन्स’ क्लस्टरच्या आत डोकावत नाही. जे अ‍ॅड-ऑन्स ईकेएसच्या स्वाधीन केलेले आहेत, म्हणजे ज्यांची स्थापना, आवृत्ती आणि देखरेख ईकेएसच्या खात्यावर नोंदलेली आहे, तेवढ्यांचीच नावे ती देते. ही सोय 2020 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. त्याआधी हे तिन्ही घटक क्लस्टरबरोबर बसत असत आणि पुढे ते अद्ययावत ठेवणे वापरणाऱ्याकडे असे. आजही अ‍ॅमेझॉनच्या कमांड लाइनवरून किंवा एपीआयने साधा क्लस्टर तयार केला आणि वेगळे काही सांगितले नाही, तर हे घटक स्वव्यवस्थापित स्वरूपात बसतात. वेब कन्सोलवरून क्लस्टर तयार केल्यास तेच घटक सहसा ईकेएसच्या ताब्यातील अ‍ॅड-ऑन म्हणून येतात. म्हणजे वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन क्लस्टरांपैकी एकाची यादी भरलेली आणि दुसऱ्याची रिकामी असणे अगदी शक्य आहे, आणि आपला क्लस्टर बहुधा दुसऱ्या प्रकारातला असावा.

यादीतून नाव गायब होण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो अधिक फसवा आहे. अ‍ॅड-ऑन काढताना ‘प्रिझर्व्ह’ हा पर्याय दिल्यास ईकेएस त्याची देखरेख सोडून देते, पण सॉफ्टवेअर क्लस्टरवर तसेच चालत राहते. अशा वेळी यादीत नाव नाही म्हणून घटक काढला गेला, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

उलट दिशेनेही काळजी घ्यावी लागते, कारण यादीत नाव आहे म्हणून अ‍ॅड-ऑन नीट चालू आहे असेही नाही. यादीत केवळ नावे असतात. आवृत्ती आणि स्थिती हवी असेल तर प्रत्येक नावासाठी ‘डिस्क्राइबअ‍ॅडऑन’ ही वेगळी विनंती करावी लागते. एकही वर्कर नोड (काम चालवणारा संगणक) नसलेल्या क्लस्टरवर कोअरडीएनएसचा अ‍ॅड-ऑन बसवला, तर त्याचे नाव यादीत दिमाखात दिसेल. स्थिती मात्र ‘डिग्रेडेड’ असेल आणि आरोग्याच्या नोंदीत पुरेशा प्रती चालू नसल्याचे कारण दिलेले असेल. साप्ताहिक किंवा मासिक नोंदीचा खरा उपयोग मला या दुसऱ्या विनंतीतच दिसतो. नुसत्या नावांची नोंद ठेवून फारसे काही हाती लागत नाही.

प्रत्यक्षात काय चालू आहे हे जाणून घ्यायचे असेल तर कुबरनेटिसलाच विचारावे लागेल : सर्व नेमस्पेसमधील डिप्लॉयमेंट आणि डेमनसेट (क्लस्टरवर काय चालवायचे ते सांगणाऱ्या नोंदी) पाहावेत, आणि हेल्म हे सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन वापरत असाल तर सर्व नेमस्पेसमधील हेल्म रिलीज, म्हणजे हेल्मने केलेल्या स्थापनाही पाहाव्यात. येथे परवानगीचा दरवाजा वेगळा आहे. अ‍ॅड-ऑन्सच्या यादीला आयएएम या अ‍ॅमेझॉनच्या परवानगी-व्यवस्थेतील परवानगी पुरते, तर क्लस्टरच्या आत पाहण्यासाठी आरबीएसी या कुबरनेटिसच्या स्वतःच्या व्यवस्थेत अधिकार असावे लागतात. त्यातही हेल्म 3 आपल्या रिलीजची माहिती सर्वसाधारणपणे सीक्रेट्समध्ये, म्हणजे गोपनीय माहितीच्या नोंदींत ठेवते, त्यामुळे केवळ यादी पाहण्यासाठीसुद्धा सीक्रेट्स वाचण्याचा अधिकार द्यावा लागतो. नोंदी ठेवणाऱ्या स्क्रिप्टला तो सर्रास देऊ नये असे माझे मत आहे. डिप्लॉयमेंट आणि डेमनसेटमधील कंटेनर इमेजच्या नावांवरून बहुतेक काम भागते.

आता हे तीन घटक ईकेएसच्या हवाली करायचे ठरवल्यास, आधी त्यांच्यावर हाताने केलेले बदल तपासावेत. ‘ओव्हरराइट’ हा पर्याय दिला तर ते बदल पुसले जाऊन ईकेएसची मूळ मूल्ये लागू होतात, आणि ‘नन’ दिला तर संघर्ष आढळल्यास स्थापना अपयशी ठरू शकते. राखायचे ते बदल, अ‍ॅड-ऑनच्या रचनेत त्यांची सोय असल्यास, कॉन्फिगरेशन मूल्यांच्या स्वरूपात सोबत द्यावेत.

प्रश्न : ‘लिस्टअ‍ॅडऑन्स’च्या उत्तरात ‘नेक्स्टटोकन’ (यादीचे पुढचे पान मागण्याची खूण) हे क्षेत्र असते. आमच्याकडे जेमतेम चार-पाच अ‍ॅड-ऑन्स असताना पानांचा विचार करण्याची गरज आहे का?

उत्तर : एका पानावर जास्तीत जास्त 100 नावे येतात आणि ‘मॅक्सरिझल्ट्स’ (पानावर किती नावे हवीत ती संख्या) दिले नाही तर हीच मर्यादा लागू होते, म्हणून आपल्याला आज अडचण जाणवणार नाही. तरीही लूप लिहावा, आणि तो थांबवण्याची अट नावांच्या संख्येवर न ठेवता टोकन शिल्लक आहे की नाही यावर ठेवावी. टोकनच्या मजकुरातून अर्थ काढण्याचा प्रयत्न करू नये. तो पुढचे पान मागण्यापुरताच आहे. अ‍ॅमेझॉनची कमांड लाइन सर्व पाने स्वतःच गोळा करते, परंतु पायथनसाठीच्या बोटो3 सारख्या लायब्ररीतून थेट विनंती केल्यास एकच पान मिळते. तेथे पेजिनेटर (सर्व पाने ओळीने मागवणारी लायब्ररीतील सोय) वापरणे सोपे पडते.

प्रश्न : हीच नोंद गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लस्टरांसाठी ठेवायची आहे. तेथे अशीच विनंती आहे का?

उत्तर : गूगलच्या जीकेई या कुबरनेटिस सेवेत क्लस्टरची माहिती मागवल्यावर तिच्यातच ‘अ‍ॅडऑन्सकॉन्फिग’ हा भाग येतो आणि तो वाचताना बारकाईने पाहावे लागते. एचटीटीपी लोड बॅलन्सिंगसारख्या जुन्या नोंदींमध्ये ‘डिसेबल्ड’ हे क्षेत्र आहे, तर डीएनएस कॅशेसारख्या नोंदींमध्ये ‘एनेबल्ड’ आहे. परिणामी लोड बॅलन्सिंगची नोंद रिकामी दिसली तर तो अ‍ॅड-ऑन चालू आहे असे समजावे. सगळ्या नोंदींना एकच नियम लावणारी स्क्रिप्ट येथे हमखास उलटे उत्तर देते.

मायक्रोसॉफ्टच्या एकेएस या कुबरनेटिस सेवेतही ही माहिती क्लस्टरच्या वर्णनातच, ‘अ‍ॅडऑनप्रोफाइल्स’ या भागात असते. एखादा अ‍ॅड-ऑन बंद केल्यावरही त्याची नोंद तेथे राहू शकते, म्हणून नावे न मोजता प्रत्येक नोंदीतील ‘एनेबल्ड’चे मूल्य पाहावे. क्लस्टर एक्स्टेन्शन्स हा तेथील वेगळा प्रकार असून त्यांची यादी या भागात येत नाही. ती स्वतंत्र विनंतीने मागवावी लागते.