वाचकांचे प्रश्न: बंद पडलेल्या प्लेटिंग शॉपची सफाई

प्रश्न: विकत घेतलेल्या प्लेटिंग शॉपमधल्या (धातूवर मुलामा चढवायच्या कारखान्यातल्या) टाक्यांत जुना द्रव तसाच आहे, लेबलं गळून पडली आहेत. टाक्या रिकाम्या करून फरशी प्रेशर पंपाने धुऊन घ्या, असं ठेकेदार म्हणतो. तसं करावं का?

उत्तर: अजिबात नको. फरशीच्या भेगांत बसलेलं क्रोमियम पाण्याबरोबर थेट खालच्या मातीत उतरतं, आणि एका दिवसाच्या धुण्यापायी पुढची काही वर्षं भूजल साफ करण्यात जातात.

आधी सायनाइड कुठे आहे ते शोधा. तांबं, जस्त, कॅडमियम, चांदी, सोनं यांचे जुने बाथ (मुलाम्याच्या टाकीतले द्रव) बऱ्याचदा सायनाइडचे असतात, तर क्रोम, निकेल आणि पिकलिंगच्या (आम्लात बुडवून गंज काढायच्या) टाक्या आम्लाच्या. दोन्ही एकाच ड्रेनमध्ये मिसळले तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. त्याचा उत्कलनबिंदू 26 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे नेहमीच्या हवामानात तो द्रवात फारसा टिकत नाही. बदामासारखा वास येतो म्हणतात, पण कित्येकांना तो जाणवतच नाही. म्हणून गॅस डिटेक्टर गळ्यात हवाच, आणि एकट्याने आत जायचं नाही.

प्रत्येक टाकीतून छोटा नमुना घ्या, पीएच बघा, सायनाइड आणि सहा-संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं जास्त धोक्याचं, पाण्याबरोबर वाहणारं रूप) तपासा. टाकीवर नंबर रंगवा आणि तोच नंबर नकाशावर टाका. सायनाइड नाही याची खात्री होईपर्यंत कुठल्याही टाकीत आम्ल ओतायचं नाही. सांडलेलं क्रोमिक आम्ल टिपायला भुसा किंवा चिंध्या वापरू नका. ते तीव्र ऑक्सिडायझर आहे, चिंध्यांचा ढीग आपोआप पेटतो. कोरडी वाळू घ्या. एक्झॉस्टच्या डक्टमध्ये आणि छताच्या कैच्यांवर क्रोमेटचा (सहा-संयुजी क्रोमियमच्या क्षाराचा) पिवळा-नारिंगी थर साचलेला असतो. भंगारवाला तो डक्ट गॅस कटरने कापायला निघेल, त्याला थांबवा. डक्टचे नटबोल्ट सोडवून तुकडे काढायचे.

प्रश्न: क्रोमिकच्या द्रवात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकलं, हिरवा रंग आला. चुना टाकून गाळ बसवला. दोन दिवसांनी वरचं पाणी पुन्हा पिवळं! चुकलं कुठे?

उत्तर: तीन शक्यता आहेत. पहिली म्हणजे रिडक्शन (सहा-संयुजी क्रोमियमचं हिरव्या तीन-संयुजीत रूपांतर) अर्धवट राहिलं. ही प्रक्रिया पीएच 2 ते 2.5 ला काही मिनिटांत होते, 3 च्या वर मंदावते आणि 5 ला जवळजवळ थांबते. अभिक्रियेत आम्ल खर्च होतं, त्यामुळे सुरुवातीला 2 असलेला पीएच डोस देता देता वर सरकतो आणि लक्षात येत नाही. मीटर सतत आत ठेवून सल्फ्युरिक आम्ल थोडं थोडं टाकत राहा. हिरवा रंग गडद असतो, उरलेलं थोडं पिवळं त्यात झाकून जातं. डोळ्यावर विश्वास न ठेवता डायफेनिलकार्बाझाइडची चाचणी करा. जांभळा रंग आला तर सहा-संयुजी क्रोमियम शिल्लक आहे.

दुसरी शक्यता आमच्या मते जास्त दाट आहे. सायनाइडच्या लाइनवर ते तोडायला हायपोक्लोराइट (क्लोरीनचं संयुग) वापरलं असेल आणि दोन्ही पाणी एकाच सेटलिंग टाकीत येत असेल, तर उरलेला क्लोरीन अल्कली पाण्यात क्रोमियमला पुन्हा सहा-संयुजी करतो. केलेली मेहनत उलटी फिरते. सायनाइडच्या पाण्यातला जादा क्लोरीन सल्फाइटने मारूनच ते पुढे सोडा. हायपोक्लोराइट देताना पीएच 10 च्या खाली गेला तर सायनोजन क्लोराइड हा विषारी वायू होतो, तेव्हा पहिला टप्पा 10.5 ते 11 ला करायचा. त्यातून तयार झालेलं सायनेट तोडायचा दुसरा टप्पा साधारण 8.5 ला.

तिसरी शक्यता निरुपद्रवी आहे. ते पिवळेपण लोखंडाचं असू शकतं, आणि तेही वरच्या चाचणीतच कळेल.

आता प्रमाण. 1 किलो सहा-संयुजी क्रोमियमला हिशेबाने 2.74 किलो मेटाबायसल्फाइट लागतं, प्रत्यक्षात 3 च्या पुढेच धरा. क्रोम बाथमध्ये साधारण 250 ग्रॅम प्रतिलिटर क्रोमिक असतं, म्हणजे 1,000 लिटरमध्ये 130 किलो क्रोमियम. त्याला साडेतीनशे किलोवर पावडर, प्रचंड उष्णता, सल्फर डायऑक्साइडचा धूर आणि शेवटी अडीचशे किलो कोरडा गाळ, जो ओला असताना टनाच्या घरात जातो. एवढा दाट बाथ जागेवर उपचारायच्या फंदात पडू नका, तसाच बंद ड्रममध्ये अधिकृत घातक कचरा केंद्राकडे द्या. जागेवरचा उपचार धुण्याच्या पातळ पाण्यासाठी ठीक.

गाळ बसवताना क्रोमियमसाठी पीएच 8 ते 8.5. तो 10.5 च्या पुढे गेला की बसलेलं क्रोमियम पुन्हा विरघळू लागतं. निकेलला मात्र 10 च्या आसपास हवा, कॅडमियमला त्याहून जास्त. मिश्र पाणी एकाच पीएचला पूर्ण स्वच्छ होत नाही, दोन टप्पे करावे लागतात.

प्रश्न: भिंतीवर पिवळे डाग फुटतात. प्लास्टर करून इपॉक्सी मारली तर?

उत्तर: काही महिन्यांत रंगाला फुगवटे येऊन त्यामागून तेच डाग दिसतील. काँक्रीट अल्कली असतं, त्यात क्रोमेट विरघळलेल्या अवस्थेतच राहतं आणि ओलाव्याबरोबर वर चढतं. खराब थर खरवडून काढा. खरवडताना धूळ उडू नये म्हणून हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम लावा.

प्रश्न: मातीचे नमुने कुठून आणि किती खोल घ्यावेत?

उत्तर: बाथच्या रांगेखाली, ड्रेनच्या प्रत्येक सांध्यापाशी, संपच्या (सांडपाणी गोळा होण्याच्या खड्ड्याच्या) तळाखाली, मागच्या दारापाशी (ड्रम तिथेच रिकामे केले जातात) आणि डीग्रीझर (धातूवरचं तेल-ग्रीस काढायचं यंत्र) जिथे होता तिथे. शिवाय आवाराबाहेरचा, नैसर्गिक पातळीसाठी एक. वरचे 15 सेंटिमीटर वेगळे, त्याखाली दर अर्ध्या मीटरला, भूजल लागेपर्यंत. प्रयोगशाळेकडे फक्त ‘एकूण क्रोमियम’ मागू नका. तीन-संयुजी क्रोमियम मातीला चिकटून राहतं, सहा-संयुजी पाण्याबरोबर पळतं. धोका दुसऱ्याचा जास्त आहे, म्हणून आकडा वेगळा हवा. नमुना 4 अंशांवर थंड ठेवा, भट्टीत वाळवू नका आणि अर्क अल्कली पद्धतीनेच काढायला सांगा. आम्लाने काढला तर मातीतले सेंद्रिय पदार्थ सहा-संयुजी क्रोमियम खाऊन टाकतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो.

डीग्रीझिंगला ट्रायक्लोरोइथिलीन वापरत असतील तर ते वेगळं प्रकरण. पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड असल्याने ते भूजलातून खाली बुडतं आणि त्याची वाफ शेजारच्या इमारतीत शिरते. क्रोम बाथमधून उडणाऱ्या धुक्यावर पीएफओएस या टिकाऊ रसायनाचा फेस वापरलेला असू शकतो, तेही विचारा. 2009 पासून पीएफओएस स्टॉकहोम कराराच्या (टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे आणि क्रोमियमच्या उपचाराने ते जात नाही.

प्रश्न: विहिरीचं पाणी पिवळसर आहे. उपसत राहिलो तर साफ होईल ना?

उत्तर: उपसा चालू असेपर्यंत आकडा उतरेल, थांबवला की पुन्हा चढेल. चिकणमातीच्या छिद्रांत शिरलेलं क्रोमेट वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत राहतं. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या मॅडिसन हाइट्सला महामार्गाच्या कडेच्या भिंतीतून हिरवट-पिवळं पाणी झिरपताना दिसलं. त्याचा माग जवळच्या बंद प्लेटिंग कारखान्याच्या तळघरापर्यंत गेला. उगम बंद केल्याशिवाय उपसा कितीही करा, संपत नाही.

म्हणून दूषित माती आणि संप आधी काढायचे, मग जमिनीतच रिडक्शन. कॅल्शियम पॉलिसल्फाइड किंवा फेरस सल्फेट इंजेक्ट करतात. फेरस सल्फेट 1 किलो क्रोमियमला 16 किलोच्या घरात लागतं. रिडक्शनमुळे मातीतलं मँगनीज आणि आर्सेनिक सुटू शकतं, त्यावरही चाचणी ठेवा. दुसरा मार्ग भूजलाच्या वाटेत जमिनीखाली बसवलेली लोखंडाच्या भुकटीची भिंत. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या एलिझाबेथ सिटी तळावर 1996 मध्ये 46 मीटर लांब, 7.3 मीटर खोल आणि 0.6 मीटर रुंद अशी भिंत बसवली. जुन्या क्रोम प्लेटिंग शॉपमधून वाहणारं क्रोमियम आणि ट्रायक्लोरोइथिलीन दोन्ही तिने धरली. प्रवाहाची दिशा आधी पक्की केली नाही तर पाणी भिंतीला वळसा घालून जातं. त्यासाठी भिंतीच्या अलीकडे, पलीकडे आणि दोन्ही टोकांना निरीक्षण बोअर हवेत. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 50 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आहे. पाणी डोळ्याला पिवळं दिसतं तेव्हा त्यातलं क्रोमियम या मर्यादेच्या कितीतरी पट असतं. ती विहीर आजच बंद करा, आणि आसपासच्या विहिरींचं पाणीही तपासून घ्या.