रोज क्लोरीन टाकूनही पूलचं पाणी हिरवं का होतं?

तुम्ही लिहिलंय की कर्जतजवळच्या घरी ८ बाय ४ मीटरचा पूल आहे, पाणी बोअरचं आहे, केअरटेकर रोज २०० ग्रॅम टीसीसीए (ट्रायक्लोर, म्हणजे क्लोरीन सोडणारं पूलचं रसायन) टाकतो, पाणी तपासायच्या किटमध्ये क्लोरीन गडद पिवळं येतं, आणि तरीही भिंती बुळबुळीत होऊन पाणी हिरवट पडतं. डोस वाढवू का, असं विचारताय. नका वाढवू. उलट टीसीसीए आजपासून बंदच करा.

सरासरी खोली सव्वा मीटर धरली तर तुमच्या पूलमध्ये ४०,००० लिटर पाणी आहे. त्यात २०० ग्रॅम टीसीसीए म्हणजे रोज साधारण साडेचार पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीन. पण टीसीसीएतून क्लोरीनबरोबर सायन्युरिक अ‍ॅसिडही पाण्यात उतरतं, दर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम. क्लोरीन ऊन, पाला, घाम यांत खर्च होऊन जातं. सायन्युरिक मात्र ना उडतं ना फिल्टरमध्ये अडकतं, ते साचत राहतं. तुमच्या डोसने महिन्याला ८० पीपीएमची भर पडते, आणि पूलला हवं असतं ३० ते ५०! पाणी बदललं नसेल तर तुमचा आकडा कधीच शंभरच्या पुढे गेला असणार.

थोडं सायन्युरिक हवंच. ते नसेल तर उघड्या पूलमध्ये सकाळी टाकलेलं क्लोरीन दुपारपर्यंत ऊन खाऊन टाकतं. सायन्युरिक क्लोरीनला धरून ठेवतं. मात्र ते फार झालं की शेवाळ मारायला मोकळं क्लोरीन उरतच नाही. ढोबळ हिशेब असा की फ्री क्लोरीन (अजून खर्च न झालेलं, कामाचं क्लोरीन) सायन्युरिकच्या सात-आठ टक्के तरी पाहिजे. सायन्युरिक ४० असेल तर ३ पीपीएमवर भागतं, २०० असेल तर १५ लागतं. तुमच्या किटची पट्टी तिथपर्यंत जातही नसेल.

किटबद्दलही बोलायला हवं. पिवळा रंग देणारे थेंब एकूण क्लोरीन दाखवतात, त्यात कामाचं किती आणि घामा-लघवीतल्या अमोनियाशी जोडलं जाऊन निकामी झालेलं किती हे त्यातून कळत नाही. पूलवर डोळे चुरचुरतात आणि उग्र वास येतो तो बहुतेकदा या निकामी क्लोरीनचा, आणि लोक म्हणतात ‘आज क्लोरीन जास्त पडलं’. त्यासाठी गुलाबी रंग देणारं डीपीडी किट घ्या, त्यात फ्री आणि एकूण वेगवेगळं मोजता येतं. त्यातही एक गंमत आहे. क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटून लगेच उडतो आणि नळी बिनरंगी दिसते. शून्य आलं असं समजून माणूस आणखी टाकतो. शंका आली तर नमुन्यात निम्मं पिण्याचं बाटलीबंद पाणी मिसळून पुन्हा बघा आणि येईल तो आकडा दुप्पट करा.

नमुना पृष्ठभागावरून घेऊ नका. पाणी आत येतं त्या तोंडापासून लांब, हात कोपरापर्यंत बुडवून नळी भरा. ती बंद करायला तिचंच झाकण वापरा, अंगठा नको. रंग सावलीत, पांढऱ्या भिंतीसमोर धरून जुळवा.

आता पीएच. ७.२ ते ७.८ मध्ये हवा, मी स्वतः ७.४ च्या आसपास ठेवतो. साडेसातला निम्मं क्लोरीन जोरकस रूपात असतं, आठला ते पाव भागावर येतं (सायन्युरिकमुळे हे गणित बरंच मवाळ होतं, पण दिशा तीच). आपल्याकडच्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं आणि त्याची अल्कलिनिटीही (अ‍ॅसिड पचवायची ताकद) चढी असते, म्हणून पीएच सारखा वर सरकतो आणि टाइल्सच्या कडेला पांढरा थर धरतो. अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएममध्ये आणा. तुमच्या पूलमध्ये १० पीपीएम उतरवायला ३२ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड साधारण ८०० मिलि लागतं. ते एका दमात ओतू नका, पंप चालू ठेवून थोडं थोडं सोडा. पावसाळ्यात उलट होतं, पावसाच्या पाण्याने अल्कलिनिटी पडते. तेव्हा तेवढ्याच वाढीसाठी ७०० ग्रॅमच्या आसपास खाण्याचा सोडा पुरतो.

म्हणजे पहिलं काम सायन्युरिक मोजणं. त्याच्या किटमध्ये पाणी दुधाळ होतं आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा. १०० च्या वर असेल तर उपाय एकच, पाणी काढा. निम्मं काढून ताजं भरलं की आकडाही निम्मा होतो. पूर्ण रिकामा करू नका, विशेषतः पावसाळ्यात. तुमच्या भागात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं आणि रिकाम्या पूलला खालून दाब बसून तडे जाऊ शकतात. काढलेलं पाणी क्लोरीन उतरल्याशिवाय ओढ्यात किंवा झाडांना सोडू नका.

आकडा ४० च्या आसपास आला की क्लोरीनसाठी द्रव हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) वापरा. १० टक्क्यांचं हायपो ४०० मिलि टाकलं की तुमच्याकडे १ पीपीएम चढतं. हिरवेपणा जाईपर्यंत फ्री क्लोरीन १६ च्या जवळ धरून ठेवा, फिल्टर रात्रंदिवस चालवा, भिंती रोज घासा, आणि तोवर कुणी उतरू नये. या काळात पीएचचं किट बाजूला ठेवा. एवढ्या क्लोरीनमध्ये त्याचा रंग जांभळा पडतो आणि लोक उगाच अ‍ॅसिड ओततात. शेवाळ मेलं का हे असं तपासा: अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा, उजाडायच्या आत पुन्हा मोजा. ऊन नसताना १ पीपीएमपेक्षा जास्त घटलं, तर पाण्यात अजून काहीतरी जिवंत आहे. मोरचूद मात्र टाकू देऊ नका. त्याने शेवाळ मरतं, पण तांबं पाण्यात राहून प्लास्टरवर डाग पडतात आणि पिकलेले केस हिरवट होतात.

आणि केअरटेकरला आजच सांगा: टीसीसीएचा डबा आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ठेवायची नाही, दोन्हीला एकच मग वापरायचा नाही. ती दोन एकमेकांत मिसळली तर पेट घेऊ शकतात. अ‍ॅसिड आणि हायपोही कधीच एका बादलीत नको, विषारी वायू निघतो.

सायन्युरिकचा आकडा आला की इथे कळवा, किती पाणी काढायचं ते सांगतो.