लायकेन ॲसिड म्हणजे नेमकं काय आणि मराठीत ही संज्ञा कशी वापरायची?

शेवाळातली आम्लं नव्हेत! बाकीचं नंतर. या शब्दावरून एका संपादकांशी माझं जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

पाठ्यपुस्तकाचा अनुवाद होता. मी लिहिलं होतं 'शैवाकाम्ले'. प्रूफ हातात आलं तर तिथे 'शेवाळातील आम्ले'. फोन केला. साहेब म्हणाले, "शैवाक कुणाला कळतंय? शेवाळ सगळ्यांना माहीत असतं." अहो, शैवाक म्हणजे लायकेन, बुरशी आणि शैवाल (म्हणजेच शेवाळ) यांचा एकत्र संसार, मान्य. पण या घरात ही रसायनं बनवते बुरशी. शैवाल फक्त साखर पुरवतं. बुरशी वेगळी काढून एकटी वाढवली, तरी यातली काही रसायनं ती तयार करते. म्हणजे ज्याने काही केलं नाही, नेमकं त्याच्याच नावावर सगळं चढवलं.

शेवटी पार्मोट्रेमा टिंक्टोरम या शैवाकाचा वाळका तुकडा खिशात घालून त्यांच्या टेबलाशी गेलो. राखाडी, पानासारखा पसरट. ब्लेडने वरची साल खरवडली, आतला पांढरा थर उघडा पडला, त्यावर काडीने ब्लीचचा इवलासा थेंब ठेवला. क्षणात लाल! आणि बघता बघता रंग उडूनही गेला. हे लेकॅनोरिक ॲसिड, शैवाकाम्लांपैकीच एक. शैवाकांचे अभ्यासक विल्यम नायलँडर यांनी १८६६ साली ही चाचणी रूढ केली आणि जातींच्या वर्णनात आजही 'सी प्लस लाल' (सी म्हणजे ब्लीचची चाचणी, प्लस म्हणजे रंग आला) असं लिहितात ते यावरूनच.

साहेब बधले नाहीत. "ॲसिड ना? मग लिटमस लाल करून दाखवा." पाण्यात तुकडा भिजवला, लिटमस बुडवला. निळा तो निळाच. साहेब खूश. ही रसायनं पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत, बुरशीच्या तंतूंवर बाहेरून स्फटिक होऊन चिकटलेली असतात, हे सांगेपर्यंत त्यांनी पुढची फाईल उघडली होती. आणि ज्या लिटमसवर त्यांचा एवढा भरवसा, तो मुळात शैवाकांपासूनच काढत आले आहेत, रोसेलासारखी शैवाकं अमोनियात मुरवून. तेही सांगितलं. "विषयांतर नको," म्हणाले.

तर तुमचा प्रश्न. शैवाकातली बुरशी जी खास दुय्यम रसायनं, म्हणजे वाढीसाठी थेट न लागणारी, बनवते, त्यांचं हे जुनं, सैलसर कुलनाम आहे. आज हजाराहून अधिक माहीत आहेत आणि त्यातली बहुतेक शैवाकांबाहेर सापडत नाहीत. नावातल्या 'ॲसिड'वर फार विसंबू नका. उस्निक ॲसिड १८४४ पासून माहीत आहे, पण सेंद्रिय आम्लांची नेहमीची ओळख असलेला कार्बॉक्सिल गटच त्यात नाही; त्याची आम्लता हायड्रॉक्सिल गटांची. ॲट्रानोरिनच्या नावात ॲसिड नाही, तरी ते याच कुळातलं. उलट ऑक्झॅलिक ॲसिड हे सरळसरळ आम्ल, कितीतरी शैवाकांत असतं, दगड झिजवण्यात त्याचा मोठा हात, पण त्याला शैवाकाम्ल म्हणायची रीत नाही. म्हणून हल्ली अभ्यासक 'शैवाक पदार्थ' म्हणणं पसंत करतात. जर्मन अभ्यासक झोप्फ यांनी १९०७ च्या आपल्या जर्मन ग्रंथाला 'शैवाक पदार्थ' याच अर्थाचं नाव दिलं होतं. तुम्ही 'लायकेन ॲसिड' लिहा, 'शैवाकाम्ल' लिहा, 'शैवाक पदार्थ' लिहा, माझी हरकत नाही. 'शेवाळ' लिहिलंत तर मात्र आहे.

वर बुरशीची बाजू घेताना जरा जोरात बोललो. सगळीच रसायनं ती एकटी असताना बनवते असं नाही. काही जोडीदार असल्याशिवाय दिसत नाहीत. ब्लीचचा थेंब वापराल तर तो दुसऱ्या कुठल्याही ॲसिडात मिसळू देऊ नका, विषारी क्लोरीन निघतो. आणि नैसर्गिक आहे म्हणून उस्निक ॲसिडच्या गोळ्या घेऊ नका, त्याने यकृत निकामी झाल्याची उदाहरणं आहेत.

ते पुस्तक 'शेवाळातील आम्ले' असंच छापून आलं. आतल्या पानावर अनुवादक म्हणून नाव माझं आहे.